दुर्बीण हे मोजणीचे यंत्र नसल्याबाबत

प्रति,
मा. उपअधीक्षक साहेब,
भूमी अभिलेख, सिंहगड रस्ता उपविभाग,
पुणे.

अर्जदार: आनंद ज्ञानदेव निखाडे, धंदा नोकरी (संगणक), राहणार द्वारा श्री. गेनबा निवंगुणे, धायरी, पुणे. मूळ राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा.

विषय: धायरी येथील निवंगुणे बंधूंच्या सामाईक रानाची, दोघांपैकी कोणीही न मागितलेली, तातडीची मोजणी थांबविणेबाबत.

संदर्भ: १) श्री. गेनबा निवंगुणे यांच्या सहीचा, मी आणून दिलेला, फेब्रुवारीतील अर्ज.
२) त्या अर्जाचा भलताच अर्थ होऊन निघालेली, २० मार्च रोजीच्या मोजणीची नोटीस.
३) खिडकी क्रमांक तीनवर मला वेळोवेळी मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की पुणे जिल्ह्यात माझ्या नावावर एक गुंठाही जमीन नाही आणि माझा पगार पाहता ती होण्याचा संभवही नाही. मी खराडीच्या एका संगणक कंपनीत नोकरी करतो आणि धायरीत श्री. गेनबा निवंगुणे यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. म्हणजे शहराच्या एका टोकाला झोपतो, दुसऱ्या टोकाला काम करतो आणि उरलेले आयुष्य मधल्या रस्त्यावर काढतो. असे असूनही माझ्यामुळे आपल्या दप्तरी मोजणीचे एक प्रकरण दाखल झाले आहे, आणि त्या प्रकरणापायी दोन सख्खे भाऊ वेगळे व्हायला निघाले आहेत. ते होऊ नये एवढ्यासाठी हा अर्ज आहे. अर्ज लांबला आहे हे मला दिसते. मागचा अर्ज थोडक्यात केला होता, त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

१. प्रथम यंत्राविषयी. वादाचे मूळ असलेली वस्तू ही आरशाची दुर्बीण आहे. आरसा सहा इंची, नळी दोन फुटांच्या आतली. या जातीच्या दुर्बिणीला वेगवान म्हणतात, परंतु ती कुठेही धावत नाही. आकाशातल्या फार अंधूक गोष्टी, म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका, ताऱ्यांचे गुच्छ, यांचा प्रकाश ती थोड्या वेळात कॅमेऱ्यापर्यंत पोचवते, एवढाच तिचा वेग. आटोपशीर असल्यामुळे ती पाठीवरच्या पिशवीत मावते आणि स्कूटरवरून नेता येते. मोठी दुर्बीण ठेवायला जागा लागते, आणि पुण्यात जागेचे काय होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार. मी पूर्वी नारायण पेठेत राहत असे. तिथल्या गच्चीवरून मला चंद्र आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी एवढेच स्पष्ट दिसत. म्हणून धायरीला आलो.

या दुर्बिणीने जमीन मोजता येत नाही. तिच्यातून समोरच्या बांधावरचा माणूस पाहिला तर तो उलटा दिसतो, आणि तोही धड दिसत नाही.

२. आता जागेविषयी. धायरीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या आडोशाला, जिथे रस्त्याचे दिवे अजून पोचलेले नाहीत, तिथे निवंगुणे बंधूंचे रान आहे. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर दोघांची नावे लागली, वाटणी मात्र कधी झाली नाही. मधल्या बांधाच्या अलीकडचे रान थोरले गेनबाकाका कसतात, पलीकडचे धाकटे कोंडीरामकाका. विहीर एक, मोटार एक, घरे शेजारी शेजारी. आजूबाजूच्या रानांत इमारती उभ्या राहिल्या, त्या रानांचे मालक मोठ्या गाड्यांतून फिरू लागले आणि आपल्या भावांना कोर्टाच्या आवारात भेटू लागले. निवंगुण्यांच्या घरात तसे काही झाले नाही, आणि याचा गेनबाकाकांना उघड अभिमान होता. भाडेकरू म्हणून माझा फायदा असा की माझ्या ताटात भाकरी गेनबाकाकांच्या घरची असे आणि आमटीची वाटी कोंडीरामकाकांच्या घरून येई. रानात दुर्बीण लावू का, असे मी गेनबाकाकांना विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "लाव की बिनघोर. रान काय झिजतंय व्हय?"

पृथ्वी फिरत असल्याने तारे सरकतात. त्यांचे छायाचित्र घ्यायचे तर दुर्बीण त्यांच्यामागे सावकाश फिरवावी लागते, आणि त्यासाठी तिची तिपाई अगदी सपाट व नेमकी ध्रुवताऱ्याच्या रोखाने लावावी लागते. हे सव्यापसव्य दर खेपेला नव्याने करण्यापेक्षा मी एकदा पाणसळ आणि होकायंत्र घेऊन जागा पक्की केली आणि तिपाईच्या तीन पायांखाली तीन खुंट्या ठोकल्या. पाय अडखळू नये म्हणून त्यांची डोकी लाल रंगवली. जमीन घट्ट हवी म्हणून हे सगळे बांधावर केले.

साहेब, आपण या खात्यात आहात. दोन भावांच्या मधल्या बांधावर लाल डोक्याच्या खुंट्या दिसल्या तर गावात काय समजतात, हे आपल्याला सांगायला नको. मला मात्र कोणीतरी सांगायला हवे होते. हिंगणघाटला आमचे घरही भाड्याचेच होते. बांध म्हणजे रानातून चालायची वाट, एवढीच माझी समजूत.

३. जानेवारीत एके दिवशी, दिवस मावळायच्या आत, मी तिपाई उभी करून पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणत होतो. कोंडीरामकाका मोटार बंद करायला विहिरीवर आले होते, ते बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी आधी खुंट्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, उत्तर दिशा धरतो आहे. कोणाच्या सांगण्यावरून, असे विचारले. मी म्हणालो, गेनबाकाकांना विचारूनच. मग त्यांनी विचारले की या यंत्रात नेमके येते का. हौशी माणसाला त्याच्या यंत्राबद्दल कधी विचारू नये. मी छाती फुगवून सांगितले की केसाएवढाही फरक पडत नाही. त्यावर ते "म्हंजे ठरलंय तर समदं" एवढेच बोलले. मला वाटले, काकांना आकाशाची गोडी लागते आहे.

मी स्कूटरपाशी बॅटरी आणायला गेलो आणि परत आलो तर बांधावर काहीच नव्हते. खुंट्या उपटलेल्या होत्या आणि कोंडीरामकाका माझी दुर्बीण तिपाईसकट खांद्यावर टाकून घराकडे चालले होते. त्यांनी ती स्वतःच्या गोठ्यात ठेवली आणि पुरावा म्हणून कुलूप लावले. मग थोरल्या भावाच्या दारात उभे राहून म्हणाले, "मला न सांगता रान मोजाया मानूस लावलास. तोंडावर बोलला असतास तर मी सोता साखळी धरली असती."

गेनबाकाकांना हे एका वाक्यात निस्तरता आले असते. त्यांनी तसे केले नाही. "तुला आसं वाटलंच कसं?" एवढे विचारून ते आत गेले आणि दार लावून घेतले. मी मागाहून पुष्कळ विनवण्या केल्या. गेनबाकाकांचे म्हणणे असे की ज्याला समजावून सांगावे लागते तो भाऊ कसला. कोंडीरामकाकांचे म्हणणे असे की मनात काही नसते तर दादा बोलला असता. मला दोघांचेही पटते आणि दोघांचाही राग येतो.

तेव्हापासून बोलणे बंद आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कोंडीरामकाकांनी एक कुलूप लावले, दुसऱ्या दिवशी गेनबाकाकांनी त्यावर आपले दुसरे लावले. आता मोटार कोणालाच सुरू करता येत नाही. विहिरीला पाणी आहे, वीजही असते, आणि बांधाच्या दोन्ही अंगांची मेथी सारख्याच वेगाने वाळते आहे. आमटीची वाटी यायची बंद झाली आहे, आणि गेनबाकाकांच्या पत्नी मैनाकाकू वाटीच्या जागी लोणचे वाढतात.

४. गैरसमज माझ्यामुळे झाला, तेव्हा तो मीच दूर करावा, असे ठरवून मी कोंडीरामकाकांकडे गेलो. सोबत मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे मी घेतलेले छायाचित्र, मोठे करून, नेले होते. हे काढण्यासाठी ती दुर्बीण असते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कोण संशय धरील, असे मला वाटले. परंतु धायरीत गेली काही वर्षे घरोघरी विकास आराखड्याच्या रंगीत प्रती फिरत आहेत. कुठला रंग म्हणजे रहिवास, कुठला म्हणजे शेती आणि कुठला रंग पडला की रान गेले, हे तिथे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. कोंडीरामकाकांनी चष्मा लावला, छायाचित्र उभे धरले, आडवे धरले आणि विचारले, "ह्यो गुलाबी पट्टा म्हंजी रस्ता का आरक्षन?"

मी सांगितले की तो पृथ्वीवरचा नाही. फार लांब आहे. त्याचा प्रकाश इथे यायलाच हजाराहून जास्त वर्षे लागतात. ते म्हणाले की रिंग रोडचेही तसेच सांगतात. मग त्यांनी छायाचित्राची व्यवस्थित घडी घालून ते खिशात ठेवले आणि कोर्टात लागेल म्हणाले.

त्यांची मुलगी राजनंदिनी खराडीला माझ्याच इमारतीतल्या दुसऱ्या कंपनीत काम करते. दुर्बिणीची खबरबात मला तिच्याकडून मिळते. एवढ्या आखूड दुर्बिणीचा आरसा जरा हलला तरी चित्रातले तारे शेपटी फुटल्यासारखे येतात, आणि इथे तर ती भुशाच्या पोत्यांशेजारी उभी आहे. परंतु राजनंदिनी म्हणते की वडिलांनी दुर्बिणीवर स्वतःची घोंगडी पांघरून ठेवली आहे आणि कोंबड्यांना तिच्या जवळपास फिरकू देत नाहीत. असा माणूस वाईट नसतो, साहेब. म्हणूनच मला जास्त त्रास होतो.

५. आता आपल्या कार्यालयाशी संबंधित भाग. रान मोजलेलेच नाही, असा सरकारी दाखला कोंडीरामकाकांच्या हातात ठेवला तर प्रश्न मिटेल, असे मला सुचले. दाखला खातेदारालाच मिळतो म्हणून गेनबाकाकांची सही हवी होती. ते आधी तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "तुझ्यासाठी करतो. त्याच्यासाठी न्हाई." मी तो अर्ज लिहून घेण्यासाठी आपल्या फाटकासमोर झाडाखाली टेबल टाकून बसणारे श्री. बाबुराव यांच्याकडे गेलो. ते अनुभवी आहेत असे सगळे सांगतात, आणि ते स्वतःही सांगतात.

बाबुरावांनी स्पष्ट केले की 'मोजणी झालेली नाही' असा छापील नमुनाच नसतो. अशा वेळी मोजणीचाच नमुना घ्यायचा आणि आत मजकुरात 'झालेली नाही' असे लिहायचे, ही त्यांची जुनी पद्धत. साधी की तातडीची, असे त्यांनी विचारले. मला दाखला तातडीने हवा होता, मी तसे म्हणालो आणि त्यांनी त्या चौकोनात खूण केली. गेनबाकाकांनी खाली सही केली. वर मोठ्या अक्षरात 'मोजणीसाठी अर्ज', मध्ये 'तातडी', खाली खातेदाराची सही, आणि या सगळ्यांच्या पोटात कुठेतरी आमचा 'नाही'. यात कार्यालयाचा दोष आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. रोज एवढे अर्ज येतात, त्यातला प्रत्येक 'नाही' वाचत बसले तर कामे कशी व्हायची?

प्रकरण नोंदले गेले. तातडी असल्याने, पुण्यात मी आजवर पाहिली नाही अशा तत्परतेने, नोटिसाही निघाल्या.

६. कोंडीरामकाकांना नोटीस मिळाली ती अशी: मोजणीचा अर्जदार गेनबा निवंगुणे, तारीख २० मार्च, सहधारक म्हणून हजर राहावे, सोबत अर्जाची प्रत. तोपर्यंत त्यांच्याकडे फक्त संशय होता आणि संशय एखाद्या बऱ्या दिवशी विरून जातो. आता त्यावर सरकारी शिक्का बसला. नोटिशीची सरकारी भाषा त्यांनी राजनंदिनीकडून समजावून घेतली. तिने प्रतीवरची सही दाखवली तेव्हा ते "पुरे" म्हणाले आणि उठून गेले. ती सही त्यांना दुसऱ्या कोणी ओळखवून द्यायला नको होती. धाकटे शाळेत गेले, थोरले रानात राहिले. गेनबाकाकांना सही करायला कोंडीरामकाकांनीच शिकवले होते. हे मला राजनंदिनीने जिन्यात सांगितले.

२० मार्चला अमावस्या आहे आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. निवंगुण्यांच्या घरी पाडव्याला एकच गुढी उभी राहते. ती थोरल्याच्या दारात असते आणि काठी धाकटा आणतो. यंदा कोंडीरामकाकांच्या पत्नी विमलाबाई दुसरा तांब्या विकत घेऊन आल्या आहेत.

७. ही मोजणी थांबावी म्हणून मी खिडकी क्रमांक तीनवर वारंवार आलो. तिथे मला मिळालेली उत्तरे प्रामाणिकपणे नमूद करतो. मोजणी झाली नाही असा दाखला मोजणी झाल्याशिवाय देता येत नाही. अर्ज मागे घेता येतो, परंतु नोटिसा लागू झाल्या असल्याने दोन्ही सहधारकांनी एकत्र येऊन खिडकीवर सही केली पाहिजे. कोंडीरामकाकांचे म्हणणे की मी मोजणी मागितली नाही, तर ती रद्द करायला मी का जाऊ. गेनबाकाकांचे म्हणणे की आता माघार घेतली तर तो म्हणेल, दादा भ्याला. मी असेही विचारले की दुर्बीण तपासून तरी पाहावी, म्हणजे वादाचे मूळच संपेल. यंत्र समक्ष हजर करा, असे उत्तर मिळाले. यंत्र कोंडीरामकाकांच्या गोठ्यात आहे आणि ते म्हणतात की मोजणीच्या दिवशी सरकारी माणसासमोरच कुलूप काढीन. म्हणजे ते मोजणीचे यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी आधी मोजणी व्हावी लागेल. आमच्या संगणकाच्या धंद्यात असा गोल फेरा सापडला तर त्याला बग म्हणतात आणि तो लिहिणाऱ्याला घरी जाऊ देत नाहीत.

दरम्यान नोटिसांची बातमी पसरली. पांढऱ्या गाडीतून दोन गृहस्थ येऊन गेले. त्यांनी दोन्ही घरी चहा घेतला आणि दोन्ही घरी वेगवेगळे बोलले. जाताना त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे कार्ड मागितले आणि मोजणीचा माझा गुंठ्याचा दर काय, असेही विचारले.

८. यापुढची गोष्ट लिहू की नको, असा मी पुष्कळ विचार केला. या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी गेनबाकाका माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. कॉटवर टेकले, इकडचे तिकडचे बोलले आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "आनंदा, सरकारी मानूस यायच्या आदी तुझ्या यंत्रातनं जरा अंदाज घे. त्याच्याकडं जास्त तर जात न्हाई ना?" दुर्बीण काय करते हे धायरीत फक्त त्यांनीच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मी त्यांना शनीची कडी दाखवली होती, आणि ती पाहून त्यांनी नमस्कार केला होता.

त्याच आठवड्यात धायरी फाट्यावर कोंडीरामकाकांनी माझी स्कूटर थांबवली. एका सकाळपुरती दुर्बीण परत देतो म्हणाले. "इमानदारीनं मोज. कुनाला बोलू नगंस. दादाला तर न्हाईच न्हाई."

माझी दुर्बीण जमीन मोजते यावर आता दोघांचाही ठाम विश्वास आहे. या महिन्यात भावांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर. साहेब, त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आधी नुसता रुसवा होता, आणि रुसव्यात माणूस दुसऱ्याची वाट पाहत असतो. आता दोघेही मनातल्या मनात बांध इकडे तिकडे सरकवून बघत आहेत. २० तारखेला भूकरमापक आले आणि त्यांनी आकडे सांगितले, की ते आकडे कितीही बरोबर असोत, या घरात परत कोणी कोणाला आमटीची वाटी पाठवणार नाही.

९. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा आपल्या कार्यालयात आलो तेव्हा माझी मुख्य तळमळ दुर्बीण परत मिळावी ही होती, हे कबूल करतो. ती मिळवायला मी फार वाट पाहिली होती आणि धायरीचे आकाश अजून एखाद-दोन हिवाळेच काळे राहील, याची मला घाई होती. आज ती मागणी मी सोडतो. दुर्बीण कोंडीरामकाकांना ठेवू द्यावी, आपल्याला हवी तर आपण कार्यालयात जमा करून घ्यावी, नाहीतर आरसा काढून कोणाला दाढी करायला द्यावा. माझी काही हरकत नाही. मला फक्त खाली जेवायला बसल्यावर शेजारच्या घरातून कोंडीरामकाकांचा "दादा, जेवला का?" हा आवाज परत ऐकायचा आहे.

१०. प्रत्यक्ष विनंती. कायद्याने मोजणी रद्द होत नाही हे मला समजले आहे आणि कायदा वाकवा असे मी म्हणत नाही. उपाय राजनंदिनीने सुचवला. ती मला म्हणाली, "दादा, प्रॉब्लेम काय आहे, की दोघं पाच मिनिटंसुद्धा एका ठिकाणी थांबत नाहीत. एक आला की दुसरा उठतो. त्यांना कुठेतरी एकत्र स्टक करायला पाहिजे. उठून जाता येणार नाही अशा जागी. आणि त्यासाठी गव्हर्नमेंट ऑफिससारखी जागा नाही." मी तिच्या म्हणण्याचा सर्व बाजूंनी विचार केला आणि मला त्यात एकही चूक सापडली नाही.

तरी विनंती अशी की, २० मार्चपूर्वीच्या कोणत्याही कामाच्या दिवशी श्री. गेनबा व श्री. कोंडीराम निवंगुणे यांना सुनावणीसाठी सकाळी कार्यालय उघडताच समक्ष हजर राहण्याची नोटीस काढावी. दोघेही येतील. आजवर त्यांनी सरकारी कागद कधी टाळलेला नाही. खिडकी क्रमांक तीनसमोर जो बाक आहे त्यावर दोघांना बसवावे. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे, टोकांना बसले की तो कलतो आणि माणसांना मध्ये सरकून बसावे लागते. मी त्यावर पुष्कळ बसलेलो आहे. पंखा बंद असला तरी चालेल. डबा राजनंदिनी एकच देणार आहे. त्यांनी चौकशी केली तर 'साहेब येतच आहेत' असे सांगावे, आणि आपण येऊ नये. जेवणाच्या सुट्टीनंतरही येऊ नये. ते दोघे आपण होऊन एकत्र खिडकीशी आले तर त्यांच्यापुढे रद्द करण्याचा कागद सही करायला ठेवावा. संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे.

साहेब, सरकारी कार्यालयात आजवर पुष्कळ माणसे कारण नसताना ताटकळत बसली आहेत. या दोघांना कारणासाठी बसवावे, एवढीच कृपा करावी.

उत्तराची अजिबात घाई नसलेला,
आपला नम्र,

(सही)
आनंद ज्ञानदेव निखाडे
धायरी, पुणे
दिनांक: ९ मार्च २०१५